विझलेला कापूस मध्यरात्री का पेटला?



कापूस वेचून झाला, भाव मनासारखा नाही, म्हणून तो घरातच रचून ठेवायचा, ही आपल्या नांदेडकडची जुनी रीत. माजघरात छतापर्यंत कापूस, त्याच्या कडेला पोरांची अंथरुणे, पलीकडे देवघरातला दिवा. अंगाला खाज सुटते, तरी आपण झोपतो. वर्षाची कमाई उशाशी असते ना!

अशाच एका घरातली गोष्ट सांगतो. साल २००६, भोकर तालुक्यातले एक गाव. बीजप्रक्रियेवर रात्रीची बैठक घेण्यासाठी मी मुक्कामाला गेलो होतो. ते भारनियमनाचे दिवस. बैठक चालू असतानाच ओरडा झाला. शेजारच्या माळवदाच्या घरात चिमणी कलंडून कापसाच्या ढिगाला आग लागली होती. आम्ही सगळेच धावलो. घागरी, बादल्या, हौदातले पाणी, जे हाताला आले ते ओतले. पाऊण तासात ज्वाला गेली, धूर गेला. ढिगाच्या वर मी हात ठेवून पाहिला. गार, ओलाकिच्च.

घरातल्या म्हाताऱ्या आजी दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, वरचा भिजलाय. आतल्याचं काय?"

मी बी.एस्सी. अॅग्रीकल्चर झालेला माणूस. म्हणालो, "आजी, एवढं पाणी ओतलंय. विझलं आता. झोपा निवांत."

रात्री दोनच्या सुमाराला तो ढीग पुन्हा पेटला. या वेळी आतून. माणसे वेळेवर बाहेर पडली, गोठ्यातली बैलजोडी सुटली, पण चौदा क्विंटल कापूस आणि माळवदाच्या सागवानी तुळया सकाळपर्यंत कोळसा झाल्या. मला कोणी एका शब्दाने बोलले नाही. उलट सकाळी चहा दिला. तो चहा मला आजही आठवतो. आजींनी जे विचारले त्याचे उत्तर मला ठाऊक असायला हवे होते, आणि ते नव्हते. नंतर मी ते शोधले, पुस्तके वाचली, अग्निशमन दलातल्या लोकांना विचारले. आज ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी मुळाशी जाऊ. लाकूड जळते असे आपण म्हणतो, पण ज्वाला लाकडाची नसते. चुलीत ओला ओंडका सारला की तो आधी नुसता धुमसतो, आधी त्याच्यातले पाणी जाते, मग लाकूड तापून त्यातून जळणारी वाफ निघते. ती वाफ हवेतल्या प्राणवायूशी मिसळते आणि ज्वाला होते. खात्री करायची तर समईची वात विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच त्या रेघेला, वातीपासून बोटभर उंचावर, जळती काडी लावा. आग धुरातून खाली उडी मारून वातीला लागलेली दिसेल. (मुलांना दाखवाल तर काडी तुमच्याच हातात असू द्या.) तो धूर म्हणजे तेलाची थिजलेली वाफ. ज्वाला तिचीच असते.

मग ज्वाला गेली म्हणजे आग गेली का? इथेच माझी चूक झाली. आगीचे दुसरे एक रूप आहे, ज्वालेवाचून जळण्याचे. बिडीचे टोक जळते, उदबत्ती जळते, ज्वाला कुठे असते? आमची आई रात्री चुलीतला गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवी. पहाटे राख बाजूला सारून फुंकणीने चार फुंकरा घातल्या की जाळ तयार. काडेपेटी वाचायची. राखेखाली रात्रभर तो निखारा मेलेला नसे. त्याला थोडीशीच हवा मिळे, म्हणून तो हळू जळे, आणि राखेमुळे त्याची ऊब बाहेर जात नसे, म्हणून तो विझतही नसे.

कापसाचा ढीग म्हणजे नेमकी हीच सोय. त्यात कापूस कमी आणि हवा जास्त. ऊब धरून ठेवण्यात तर कापसाचा हात कोण धरील? आपण गाद्या-रजया त्याच्याच करतो. आणि तिसरी गोष्ट, जी आपण रोज पाहतो पण ध्यानात घेत नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. बोंडातला कापूस पाण्यात टाकून पाहा, तरंगतो. औषधाच्या दुकानातला कापूस पाणी पितो, कारण तो धुऊन त्याचे मेण काढलेले असते. आम्ही त्या रात्री ओतलेले पाणी वरच्या थरावरून घरंगळून जमिनीवर गेले. आत हातभर खोल निखारा बसला होता, तो कोरडाच राहिला. चार तास तो आतून पोखरत गेला. मग कडेचा कापूस खचला, हवेला वाट मिळाली आणि भडका उडाला.

जे आमच्या गावात एका खोलीत झाले, ते १९४४ साली मुंबईच्या गोदीत एका जहाजावर झाले. १४ एप्रिल ही बाबासाहेबांची जयंती, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही पाळला जातो. तो का, हे फार थोड्यांना माहीत असते.

दुसरे महायुद्ध चालू होते. फोर्ट स्टिकिन नावाचे जहाज इंग्लंडहून दारूगोळा घेऊन निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. वाटेत कराचीला त्यावर ८,७०० कापसाच्या गाठी चढवल्या, शिवाय लाकूड आणि तेलाची पिंपे. युद्धाच्या घाईत कोणी तरी हा संसार एकत्र मांडला. जहाजाच्या दोन नंबरच्या कप्प्यात तर खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी रचना होती. १२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. शुक्रवारी, १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास त्या कप्प्यातून धूर येताना दिसला. कोणी तरी टाकलेल्या सिगारेटच्या थोटकाने गाठ धुमसू लागली असावी, असे नंतरच्या चौकशीत मानले गेले.

बंबवाले आले. धाडसी माणसे होती ती. कप्प्यात नऊशे टनांहून अधिक पाणी सोडले, पण आग नेमकी कुठल्या गाठीत आहे ते सापडेना. दाबून बांधलेल्या गाठीत पाणी शिरत नाही, हे आता तुम्हाला सांगायला नको. उलट कापूस पाण्यावर तरंगतो, आणि पाणी चढेल तशा जळत्या गाठी स्फोटकांच्या जवळ वर सरकत गेल्या असे सांगतात. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भूकंपमापक यंत्र हे नाव आपल्या लातूरच्या खेड्याखेड्यांत पोचले. तसल्या यंत्रावर पार शिमल्याला मुंबईच्या स्फोटाची नोंद झाली. जळत्या गाठी उडून शहरात पडल्या आणि जिथे पडल्या तिथे नव्या आगी लागल्या. जहाजात सोन्याच्या विटा होत्या, त्यांतली एक मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरी येऊन पडली आणि त्यांनी ती इमानाने परत केली. शेकडो माणसे मेली. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. अग्निशमन सेवा दिन पाळायचा तो त्यांच्यासाठी.

आता एक प्रश्न. कापसाची आग दोन तास धुमसत राहिली आणि दारूगोळा मात्र क्षणात उडाला. असे का? जळणे दोन्हीकडे तेच.

फरक आहे तो प्राणवायू कुठे आहे याचा. ओंडक्याला प्राणवायू बाहेरून यावा लागतो. तो पृष्ठभागाला भिडतो तेवढेच जळते, आतले लाकूड रांगेत थांबते. ओंडक्याच्या ढलप्या करा, भराभर जळतील. ढलप्यांचा भुसा करून जाळावर भुरभुरवा, फर्रकन पेटेल. जिन्नस जितका बारीक आणि हवेत जितका आधीच मिसळलेला, तितका तो एकदम जळतो. सगळेच एकदम जळले की उष्णता एकदम, वायूचे फुगणे एकदम. बंद खोलीत त्या फुगण्याला वाट नसते, म्हणून भिंती जातात. याचेच नाव स्फोट. स्फोटकांत तर प्राणवायू त्यांच्या घडणीतच असतो, बाहेरची हवा लागतच नाही. विहिरीच्या खडकात सुरुंग भरताना वरून माती ठासून भरतात, तरी तो उडतो. हवेवर अवलंबून असता तर मातीखाली गुदमरला असता.

तेव्हा स्फोट म्हणजे काही दारूगोळ्याचीच मिरास नव्हे. १७८५ सालच्या डिसेंबरात इटलीतल्या तूरिन गावी एका पाववाल्याच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. पोरगा फावड्याने पीठ ओढत होता, वरचा ढीग ढासळला, पिठाची धूळ उडाली आणि भिंतीवरच्या दिव्याला भिडली. एवढेच कारण. पोत्यातल्या पिठाला काडी लावा, ते धड पेटतही नाही. तेच पीठ हवेत उडालेले असेल तर काडी पुरे. आणि ही जुनी गोष्ट आहे म्हणून सोडून देऊ नका. ७ फेब्रुवारी २००८ रोजी अमेरिकेतल्या पोर्ट वेंटवर्थ इथे साखर शुद्ध करण्याच्या कारखान्यात साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार गेले. पहिला धक्का लहान होता. त्याने तुळयांवर, यंत्रांवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ उडवली आणि मग ती धूळ पेटत गेली. लातूरच्या डाळ मिलमध्ये, हळद दळायच्या चक्कीत, साखर कारखान्यात आपली कितीतरी मुले कामाला जातात. तिथे तुळयांवर धुळीचा बोटभर थर दिसला तर तो झाडूने उडवत न बसता, यंत्र बंद असताना, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा असतो, एवढे त्यांना सांगून ठेवा.

आता घरातला धोका. गॅस. सिलिंडर आता खेडोपाडी पोचला, चुलीचा धूर गेला, डोळे वाचले, फार चांगले झाले. पण हा गॅस म्हणजे आधीच वाफ झालेले जळण. त्याला तापवावे लागत नाही. हवेत तो साधारण दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत मिसळलेला असला की ठिणगीची वाट पाहत बसतो. दोनच्या खाली पेटत नाही, नऊच्या फार वर गेला तरी पेटत नाही, कारण मग हवा कमी पडते. पण या वरच्या टोकावर विसंबू नका. दार उघडले, वारा आत आला की तेच मिश्रण पातळ होत होत धोक्याच्या पट्ट्यात येते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. वर कौलाकडे न जाता तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो, उंबऱ्याशी, मोरीत, खाटेखाली साचतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसे होते. गळती ओट्यावर आणि भडका पलीकडच्या खोलीतल्या देवाच्या दिव्याशी. गोबरगॅस उलट हवेपेक्षा जरा हलका, वर जातो. त्यातला जळणारा मिथेन वायू हवेत ५ ते १५ टक्के असताना पेटतो. म्हणून गोबरगॅसच्या टाकीत विडी ओढत किंवा कंदील घेऊन वाकून पाहू नये. त्या टाकीत उतरणे तर आगीवाचूनही जिवावर बेतते.

गॅसचा वास आला तर काय करायचे? काही पेटवायचे नाही, हे सगळ्यांना माहीत असते. पण दिवा लावायचाही नाही आणि चालू असलेला बंदही करायचा नाही, हे माहीत नसते. बटण दाबताना आत बारीक ठिणगी पडते, मग ते चालू करा की बंद. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, माणसे बाहेर काढा, आणि बाहेर अंगणात जाऊन मगच १९०६ या क्रमांकावर फोन लावा. माझ्या बायकोनेसुद्धा एकदा वास आल्यावर पहिले काम केले ते पंखा लावण्याचे. नशीब की वीज गेलेली होती. महावितरणचे आभार मानायचा तेवढाच प्रसंग.

पेट्रोलची वाफ तर शून्याच्या खालच्या थंडीतही पेटण्याइतकी निघते. रॉकेलचे तसे नाही. ते पस्तीस अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याच्या वाफेने काडीला दाद देऊ नये, असे मानकच आहे. पण मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याखाली पारा किती असतो? पंचेचाळीस! म्हणजे हिवाळ्यात गरीब वाटणारे रॉकेल उन्हाळ्यात पेट्रोलच्या वाटेने जाते. आणि मोटारसायकल चोरीला जाईल म्हणून ती कापसाच्याच खोलीत लावणारे बहाद्दर मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिलेत. टाकीच्या झाकणातून वाफ निघत असते, सायलेन्सर तापलेला असतो. गाडी गेली तर गाडीच जाईल.

शेवटी बनीम. लातूरकडे सोयाबीनची बनीम जळाली की पहिला संशय भाऊबंदावर. तसे घडत नाही असे मी म्हणणार नाही, पोलीस ठाण्यात तशा तक्रारी असतात. पण काढणीच्या वेळी पाऊस लागला, ओले पीक घाईने रचले आणि वरून ताडपत्री गच्च आवळली, तर शत्रू आतच तयार होऊ शकतो. ओलावा वीस टक्क्यांच्या वर गेला की आत बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनाने ऊब होते. साठ-सत्तर अंशांवर ते स्वतःच मरतात. बहुतेक वेळा गोष्ट इथे थांबते, माल काळा पडतो, कुजतो, आग लागत नाही. क्वचित मात्र तापलेला पाला हवेशी रासायनिक रीतीने झिजू लागतो, ऊब कोंडलेलीच असते आणि उष्णता चढत जाते. काडी न लावता पेट. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तोही असाच आपोआप पेटू शकतो. तीच चिंधी दोरीवर पसरून वाळत घातली तर काही होत नाही, कारण ऊब वाऱ्याने निघून जाते.

बनीम तपासायला यंत्र लागत नाही. लोखंडी पहार मध्यभागी खोल खुपसा, वीस मिनिटे ठेवा, काढून हातात धरा. धरवत नसेल तर आत धोका आहे. कुबट गोड, तंबाखूसारखा वास आणि पहाटे वरून निघणारी वाफ हीही तीच खूण. अशी बनीम उकलायची तर आधी पाण्याची टाकी, पंप आणि चार माणसे हाताशी घ्या, कारण उकलताच हवा आत शिरते. आणि वर चढू नका, आतून पोकळ झालेली असेल तर माणूस खाली जातो. कापसाच्या ढिगाला आग लागून विझली असेल तरीही हेच. ओतत बसू नका. ढीग दाताळ्याने ओढून अंगणात, घरापासून दूर पातळ पसरा, हाताने उलटून पाहा, पाणी मारा आणि रात्रभर राखण ठेवा. पाण्याच्या टिपात साबणाचा चुरा विरघळवला तर पाणी कापसात अधिक मुरते, हे अग्निशमन दलाच्या लोकांकडून मी शिकलो.

त्या आजी आता नाहीत. मागच्या दिवाळीनंतर त्या घरी गेलो होतो. माळवद गेले, तिथे पत्र्याची घरे झालीत. कापसाची खोली वेगळी, तिच्यात ना विजेची तार ना दिवा. मोटारसायकल बाहेर, खताच्या पोत्याखाली झाकलेली. कापूस कमी झालाय त्यांच्याकडे, आता सोयाबीन आहे, आणि त्या आठवड्यात अवकाळी पावसाने बनीम भिजवली होती. आजींच्या सूनबाईंनी बनीमीतून पहार उपसली आणि माझ्यापुढे केली.

"साहेब, धरून बघा."

मी धरली. कोमट होती, चटका नव्हता. ऊन पडले होते. दुपारी आम्ही ताडपत्री काढून बनीम मोकळी करायला घेतली.